कुणाचा काठ, कुणाची गल्ली

सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, आम्ही तीन वर्षे ज्या वस्तीत राहिलो तिला नाव नव्हते, आकडा होता. ब्लॉक ४५. ७, ९, ११ आणि १३ क्रमांकाच्या ट्रामगाड्या तिथे येऊन संपत आणि प्रत्येकीच्या कपाळावर हाच आकडा असे, त्यामुळे भाषेतले चार शब्दही येत नव्हते तेव्हापासून मी बिनचूक घरी पोचत असे. माझे बालपण सिडकोच्या एका सेक्टरात गेले. 'कुठे राहतेस?' या प्रश्नाला आकड्याने उत्तर देण्याची मला सवय आहे, आणि बाहेरच्यांना कोरडा वाटणारा तो आकडा आतल्या मुलांच्या तोंडी किती मायेचा होतो, प्रसंगी मारामारीचे कारण कसा होतो, हेही मी पाहिलेले आहे. म्हणून जिन्यांच्या भिंतींवर, विजेच्या डब्यांवर आणि बास्केटबॉलच्या फळ्यांवर फवाऱ्याच्या रंगाने काढलेला आमच्या ब्लॉकचा आकडा मला परका वाटला नाही. परकी वाटली ती दोन इमारतींच्या मधली अफाट मोकळी जागा. एवढी जागा कुणाचीच नसताना शिल्लक कशी राहिली, हा प्रश्न मला पहिल्याच संध्याकाळी पडला आणि तो तीन वर्षे पुरला.

ब्लॉक ४५ सावा नदीच्या डाव्या काठावर आहे. मागच्या बाजूला युरी गागारिनच्या नावाचा रुंद रस्ता, त्यावरून ट्राम; रस्त्याच्या अंगाला उंच इमारती, आणि नदीकडे येता येता त्यांची उंची उतरत जाऊन काठाजवळ चार मजली घरे. मोटारी कडेकडेच्या वाहनतळांवर सोडायच्या आणि आत पायी यायचे, अशी मूळ मांडणी आहे. शाळा, बालवाडी, किराणा, सगळे आतच. मूल घरून शाळेत जाते ते एकही मोठा रस्ता न ओलांडता. १९७०च्या दशकात इथे राहायला आलेल्या लोकांनी लावलेली लिंडन, पॉपलर आणि बर्चची झाडे आता चार मजली घरांपेक्षा उंच झाली आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरून समोरच्या घराची एकही खिडकी दिसत नसे. पानगळ झाली की समोरचे कुटुंब एकाएकी प्रकट व्हायचे, आणि चार महिने ज्यांचे फक्त आवाज ओळखीचे होते त्यांचे चेहरे पाहून दोन्हीकडच्यांना थोडे अवघडल्यासारखे व्हायचे.

याच परिसरात एका रस्त्याला पंडित नेहरूंचे नाव आहे. पाटीवर 'नेहरुओवा' असे लिहिलेले असते. गागारिनच्या रस्त्यापलीकडे आणखी एक रस्ता आहे, 'गांधियेवा'. मला आधी वाटले की ही परदेशी जिभेने केलेली मोडतोड असावी. मग भाषेच्या वर्गात उलगडा झाला. सर्बियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत आणि मालकी दाखवणारा प्रत्यय मालकाच्या नव्हे, मालकीच्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. नेहरूंचा पूल असेल तर 'नेहरुओव', नेहरूंची गल्ली असेल तर 'नेहरुओवा', आणि नेहरूंचे गाव असेल तर 'नेहरुओवो'. चा, ची, चे. पूल तिकडेही पुल्लिंगी, गल्ली स्त्रीलिंगी, गाव नपुंसकलिंगी. वर्गातले इंग्रज आणि चिनी विद्यार्थी कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा मी एकटी सुखात होते. दिल्लीच्या माणसाला या तिसऱ्या लिंगाचे सुख मिळाले नसते, असाही एक क्षुद्र आनंद त्यात होता. पुढे घरमालकीणबाईंकडे चहा-कॉफी सुरू झाल्यावर कळले की त्यांच्याकडे मामा आणि काका वेगळे आहेत, मामी आणि काकू वेगळ्या आहेत, पण मावशी आणि आत्या मात्र एकाच 'तेतका' या शब्दात बसवल्या आहेत. मी त्यांना 'तेता' म्हणू लागले. मावशी की आत्या, ते त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही ठरवले नाही. त्या मला 'सिने' म्हणत. शब्दशः 'मुला'. वडीलधारी माणसे तिकडे मुलीलाही लाडाने 'मुला' म्हणतात, आपण मुलीला 'अरे बाळा' म्हणतो त्यातलाच हा प्रकार.

नेहरू इथे कसे पोचले हे आमच्या पिढीला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. १९६१च्या सप्टेंबरमध्ये १ ते ६ तारखांना अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला झाली. युगोस्लाव्हियाचे टिटो यजमान, नेहरू, नासर, सुकार्नो, एन्क्रुमा पाहुणे. सावा जिथे डॅन्यूबला मिळते त्या संगमाजवळ 'मैत्री उद्यान' आहे, तिथे या पाहुण्यांनी झाडे लावली आणि पुढे कित्येक वर्षे येणाऱ्या राष्ट्रप्रमुखांकडून झाड लावून घेण्याची रीतच पडली. १९८९मध्ये अलिप्त राष्ट्रांची नववी परिषद पुन्हा याच शहरात, नव्या बेलग्रेडमधल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, सावा सेंटरमध्ये भरली तेव्हा राजीव गांधी आले होते. त्यानंतर दोन वर्षांत यजमान देशाचीच फाळणी सुरू झाली. बेलग्रेडमध्ये १९९० नंतर कित्येक रस्त्यांची नावे बदलली, क्रांतिकारकांच्या पाट्या उतरल्या आणि राजांच्या चढल्या. नेहरूंची गल्ली तेवढी कुणाच्याच वाटेत आली नाही.

ही सगळी जमीन मुळात दलदल होती. १९१८पर्यंत सावा ही सीमा होती. पलीकडच्या काठावर सर्बियाचे बेलग्रेड, अलीकडे ऑस्ट्रिया-हंगेरीचे झेमुन, आणि मध्ये पुराचे पाणी, बेडूक आणि डास. सीमेवरची जागा म्हणून कुणी तिथे काही बांधले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या युगोस्लाव्हियाला नवी राजधानी हवी होती, आणि ११ एप्रिल १९४८ रोजी तिचे काम सुरू झाले. देशाच्या सगळ्या प्रांतांतून तरुणांची श्रमपथके आली. एक लाखाहून अधिक तरुण-तरुणींनी इथे काम केले असे सांगतात. नदीच्या तळातली वाळू पंपाने उपसून दलदलीवर पसरली आणि जमिनीची पातळी वर आणली. त्याच वर्षी स्टालिन आणि टिटो यांचे बिनसले, पैशाची ओढाताण झाली आणि काम रेंगाळले. खरी घरबांधणी १९६०च्या दशकात वेगाने झाली. कारखान्यात ओतलेले खांब आणि लाद्या जागेवर आणून ताणलेल्या तारांनी एकमेकींना आवळायच्या, अशी इंजिनिअर ब्रांको झेझेल यांची पद्धत अनेक ब्लॉकांत वापरली गेली. ती पुढे क्यूबापर्यंत गेली. आमच्या कुंडीत एकदा झाड मेले म्हणून मी खालच्या बागेतली माती आणायला गेले, तर हातभर खाली माती संपून बारीक, करडी, शिंपल्यांच्या कपच्या असलेली वाळू लागली. नदीच्या पोटात शहर बांधले आहे हे पुस्तकातून कळणे वेगळे आणि कुंडीसाठी खणताना हाताला लागणे वेगळे.

तेता वरच्या मजल्यावर राहत. आमची सदनिका त्यांच्या दिवंगत बहिणीची. त्यांची स्वतःची त्यांच्या नवऱ्याला सैन्याच्या यादीतून मिळालेली. त्या काळात घर विकत घ्यायचे नसे, मिळायचे असे. पगारातून घरबांधणीच्या निधीसाठी कपात होई, त्यातून कारखाने, कचेऱ्या आणि सैन्य घरे बांधत किंवा घेत, आणि मग नोकरीची वर्षे, मुलांची संख्या, सध्याच्या घरातली अडचण यांचे गुण मोजून यादी लागे. यादीत नाव वर सरकावे म्हणून काय काय केले जाई याच्या तेतांकडे पुष्कळ गोष्टी होत्या. त्यातल्या निम्म्या तरी आपल्या म्हाडाच्या सोडतीच्या रांगेत ऐकू येतील अशा होत्या. घर मिळाले म्हणजे मालकी मिळाली असे नव्हे. मिळे तो 'स्तानार्स्को प्राव्हो', राहण्याचा हक्क, जो मरेपर्यंत टिके आणि मुलांकडे जाई. घराचा मालक मात्र समाज. युगोस्लाव्हियाचे म्हणणे असे की रशियात मालमत्ता सरकारची असते, आमच्याकडे ती समाजाची आहे. हा फरक तेतांच्या नवऱ्याला सैन्यातल्या वर्गात शिकवला गेला होता आणि त्यांनी तो बायकोला जेवणाच्या टेबलावर शिकवला होता. "सगळ्यांची आणि कुणाचीच नाही," तेता सांगत, "परीक्षेत असेच लिहायचे असे, पण दुसरा शब्द गाळून."

या गाळलेल्या शब्दाची गाठ मला जिन्यात पडली. आमच्या जिन्यातल्या पहिल्या वळणावरचा दिवा गेला होता. एक आठवडा गेला, तीन गेले, थंडी सुरू झाली, दुपारी चारला अंधार पडू लागला, आणि आठ कुटुंबांतले प्रत्येक माणूस भिंत चाचपत, भ्रमणध्वनीच्या उजेडात शिव्या देत वर येऊ लागले, पण दिवा कुणी बदलला नाही. शेवटी मी दुकानातून दिवा आणला आणि खुर्चीवर चढून लावला. माझी कल्पना अशी की शेजारी खूष होतील. तेता संध्याकाळी खाली आल्या आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "सिने, हे काय केलेस? आता तो दिवा कायमचा तुझा झाला." आणि तसेच झाले. मार्चमध्ये तो गेला तेव्हा तळमजल्यावरच्या गृहस्थांनी अत्यंत अदबीने माझ्या दारावर टकटक करून सांगितले की, बाई, तुमचा दिवा गेलाय.

हे हसण्यावारी नेण्यासारखे आहे खरे, पण त्यामागे एक हिशेब आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कायदा झाला आणि राहणाऱ्यांना आपापली घरे विकत घेता आली. नेमक्या त्याच काळात चलन कोसळत होते. १९९३च्या अखेरीला ५०० अब्ज दिनारची नोट निघाली. तिच्यावर झ्माय या टोपणनावाने लहान मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या डॉक्टर-कवीचे चित्र होते, आणि जानेवारी १९९४मध्ये महागाई एका महिन्यात ३१ कोटी ३० लाख टक्क्यांनी वाढली. दिनारमध्ये ठरलेल्या किमती हप्ता भरेपर्यंत विरघळून जात. लोकांनी घरे जवळजवळ फुकट घेतली, आणि ज्यांना त्याच महिन्यात निवृत्तिवेतनातून अंडीही घेता येत नव्हती ते रातोरात घरमालक झाले. पण विकले गेले ते चार भिंतींच्या आतले. छप्पर, जिना, नळांचे उभे खांब, दोन इमारतींमधले गवत, बाके, दिवे, घसरगुंडी, हे सगळे 'समाजाचे' राहिले, आणि तो समाज तर नकाशावरूनच गेला होता. आपल्या गृहनिर्माण संस्थेत वार्षिक सभेला भांडायला तरी कुणी जमते. इथे कित्येक इमारतींत भांडायलाही कुणी नव्हते. २०१६च्या डिसेंबरात नवा कायदा करून प्रत्येक इमारतीला व्यवस्थापक सक्तीचा केला, तेव्हा आमच्या जिन्यातल्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून एका निवृत्त भूमिती-शिक्षकांची नेमणूक केली; त्यांनी पहिल्याच महिन्यात गळक्या छपराची सुंदर आकृती काढून फलकावर लावली, आणि छप्पर गळत राहिले.

आणि तरीही ही वस्ती बेवारस दिसत नसे, हे मला सांगायचे आहे. नगररचनाकारांनी गवत सोडले होते. लोकांनी त्यात आपल्या खिडकीखालचा तेवढा तुकडा गुपचूप आपला केला. कुणी गुलाब लावले, कुणी टायर अर्धे पुरून त्यांना पांढरा रंग देऊन कुंपण केले, एकाने अंजिराचे झाड लावून त्याला हिवाळ्यात गोणपाट गुंडाळले. कायद्याने त्यातले काहीच त्यांचे नव्हते. तेता याला 'बाश्ता' म्हणत, आणि हा शब्द तुर्कांनी फारसीतून नेलेला आपला बगीचाच आहे हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना फार गंमत वाटली. मग आम्ही तसे शब्द गोळा करण्याचा खेळ सुरू केला. साखरेला 'शेचेर', साबणाला 'सापुन', पिशवीला 'केसा', जो आपल्या खिशाचा भाऊ. तुर्की काळाबद्दल त्यांचे मत वाईट होते, पण शब्दांबद्दल नव्हते.

सप्टेंबर आला की या बागांचे आणखी एक रूप दिसे. बाजारातून लांबट, जाड सालीच्या लाल मिरच्यांची पोती येत, वीस-वीस, तीस-तीस किलोंची. सरपणाच्या लोखंडी चुली तळघरातून बाहेर निघत आणि गवतावर मांडल्या जात. मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, झाकून घामेजू द्यायच्या, साल काढायची, दळायच्या आणि मग तेलात तासन् तास ढवळत राहायचे. लाकडी पळी तळाशी फिरवली की रेघ क्षणभर तशीच राहिली पाहिजे, तेव्हा अय्वार झाले म्हणायचे. साखरेच्या पाकाची तार बघणाऱ्या बाईला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. दोन आठवडे सगळ्या ब्लॉकला भाजलेल्या मिरचीचा वास येई, कपडे, केस, ट्रामच्या गाद्यासुद्धा. नव्या समाजाच्या नव्या माणसासाठी आखलेल्या, नदीच्या वाळूवर काटकोनात बसवलेल्या या वस्तीत, खेड्यातून आलेल्या दोन पिढ्यांनी आपली साठवणीची चूल मांडायला नेमकी तीच जागा शोधली होती जी आराखड्यात कशासाठीही दाखवलेली नव्हती. नव्या बेलग्रेडला लोक 'स्पाव्हाओनित्सा', झोपायची खोली, म्हणून हिणवतात. असे म्हणणाऱ्यांनी ते सप्टेंबरात म्हणू नये.

त्या घरात देवही उशिराच परतला. सर्बियन कुटुंबांना एकेक संत असतो, बापाकडून मुलाकडे येणारा, आणि त्याच्या दिवशी घरात 'स्लावा' असते. कुलदैवत आणि कुळाचार ज्याला ठाऊक आहे त्याला ही कल्पना एका वाक्यात कळते. शिजवलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून केलेला प्रसाद पहिल्यांदा चमच्याने घेताना मला आमच्या घरच्या गव्हाच्या खिरीची आठवण झाली, फक्त ही कोरडी. तेतांच्या सासरचा संत निकोलस, १९ डिसेंबरचा, आणि तो नाताळच्या उपवासात येतो म्हणून त्या दिवशी मांस नाही, मासे. सैन्यातल्या नवऱ्याला स्लावा करता येत नसे. त्या दिवशी घरी कार्प मासा शिजे, पण मेणबत्ती लागत नसे, आणि कुणी विचारलेच तर बाजारात स्वस्त मिळाला म्हणून आणला असे सांगायचे ठरलेले होते. १९९१नंतर मेणबत्ती लागली. नवऱ्याला ती पाहून बरे वाटले का, असे मी विचारले तेव्हा तेता म्हणाल्या, "तो उठून गॅलरीत सिगारेट ओढायला गेला. मग आत येऊन मासा चांगला झाल्याचे म्हणाला."

मासा अर्थात बाजारातलाच. पण कधीकधी काठावरचाही. आमच्या दारापासून नदी पाच मिनिटांवर होती. पुराला अडवण्यासाठी उचललेला बांध, त्यावरून चालण्याची आणि सायकलची वाट, मग उतरता काठ, पायऱ्या आणि पाणी. पाण्यावर तरंगती घरे आणि उपाहारगृहे, ज्यांना 'स्प्लाव' म्हणजे तराफे म्हणतात. मधूनमधून सिमेंटचे गोल, बुटके बुरूज दिसतात, ज्यांच्याकडे येणारे-जाणारे लक्षही देत नाहीत. त्या शहराच्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाली खोलवर त्यांच्यातून चारी दिशांना आडव्या नळ्या गेलेल्या असतात आणि नदीचे पाणी वाळूतून गाळून त्यांत झिरपते; सावेच्या काठाने अशा नव्वदहून अधिक विहिरी आहेत आणि बेलग्रेडच्या नळांना येणारे बरेचसे पाणी त्यांतूनच येते. समोर आदा त्सिगानलिया, एके काळचे बेट, आज शहराची चौपाटी. मे महिन्यात पॉपलरचा कापूस उडतो, जूनमध्ये लिंडन फुलतो आणि संध्याकाळभर वास येत राहतो, आणि त्याच वेळी डास असे येतात की दलदल कुठेच गेलेली नाही याची खात्री पटते. हिवाळ्यात 'कोशावा' हा आग्नेयेचा वारा वाहतो. तो तीन दिवस राहतो, नाहीतर सात, नाहीतर एकवीस, असे म्हणतात. त्या दिवसांत काठावर फक्त गळ टाकून बसलेले म्हातारे असत, आणि त्यांच्यातही कुणाचा दगड कोणता हे ठरलेले होते.

एकदा ऑक्टोबरच्या एका रविवारी मी काठाकाठाने संगमापर्यंत चालत जायचे ठरवले. वाट सलग नाही. जुन्या जहाजबांधणीच्या आवारापाशी नदी सोडून रस्त्यावर यावे लागते. पुढे पुन्हा नदी गाठली की पुलांजवळ काही पडकी, विचित्र आकाराची घरे आणि एक मोडकळलेला मनोरा तेव्हा दिसे. हे स्तारो सायमिश्ते, जुने प्रदर्शन-मैदान. दलदलीवर सुरुवातीला जे थोडेफार उभे राहिले त्यातले हे एक: १९३७-३८ साली, देशोदेशीच्या दालनांसह, ऐटीत. डिसेंबर १९४१मध्ये जर्मनांनी त्याची छावणी केली आणि बेलग्रेडच्या यहुदी स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे तिथे आणून ठेवली. पुरुष आधीच गोळ्या घालून मारले गेले होते. १९४२च्या वसंतात एक बंद मालमोटार जवळजवळ रोज यायची. दुसरीकडे हलवतो असे सांगून लोकांना तिच्यात बसवत, पूल ओलांडला की धुराची नळी आत वळवत, आणि गाडी शहराच्या मधून यायिंत्सीच्या खड्ड्यांपर्यंत जाईपर्यंत आतले सगळे मेलेले असत. मेच्या सुरुवातीपर्यंत सहा हजारांहून अधिक माणसे संपली. मग छावणीत इतर कैदी आले. युद्धानंतर त्या दालनांत श्रमपथके राहिली, चित्रकारांना कामाच्या खोल्या मिळाल्या, गरीब कुटुंबे आली. काठावरचे स्मारक उभे राहायला १९९५ उजाडले, आणि संपूर्ण जागेचे स्मृतिकेंद्र करण्याचा कायदा व्हायला २०२०.

मी गेले तेव्हा मनोऱ्याजवळ दोरीवर कपडे वाळत होते आणि एक बाई मिरच्या भाजत होती. तोच वास. मला तो तिथे सहन होईना, आणि का होईना याचे मला स्वतःला पटेल असे उत्तर देता येईना, कारण राहणाऱ्या माणसाने दुसरे करावे तरी काय? घरी येऊन मी तेतांना सांगितले. त्या म्हणाल्या की १९५०च्या दशकात त्यांची मैत्रीण त्या दालनांत राहायची आणि त्या दोघी मनोऱ्याखाली दोरीच्या उड्या मारत. कुणी काही सांगितले नव्हते का? "सांगितले होते. इथे शूर लोकांना मारले असे. लहान मुलांना, असे नव्हते सांगितले."

समोरच्या काठावर याच वर्षांत 'पाण्यावरचे बेलग्रेड' उभे राहत होते. जुन्या रेल्वेयार्डाच्या जागेवर काचेच्या इमारतींची रांग, अमिरातींमधल्या कंपनीशी २०१५मध्ये केलेला करार, आणि त्यासाठी २०१६च्या एप्रिलमधल्या एका रात्री तोंडे झाकलेल्या माणसांनी बुलडोझर आणून पाडलेली सावामाला या वस्तीतली घरे. त्यानंतर हजारो लोक एक प्रचंड पिवळे बदक घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्या भाषेत 'पात्का' म्हणजे बदक आणि थापही. १ जुलै २०१८पासून मुख्य रेल्वेस्थानकही बंद झाले. तो काठ आता चकचकीत आहे, बाके शाबूत आहेत, जिन्यातले दिवे नक्कीच लागत असणार. मी तिथे फिरायला गेले आहे आणि मला कॉफी आवडली, हे खोटे कशाला सांगू? पण तिथे मला कुणाच्या दगडावर बसल्याबद्दल कुणी रागावले नाही. आमच्या काठावर हे एकदा झाले होते.

आमचा काठ अजून कुणाचा झालेला नव्हता, आणि त्याची किंमत तेतांनी मला २०१४च्या मे महिन्याची गोष्ट सांगून समजावली. आम्ही तेव्हा तिथे नव्हतो. सावा चढली, वरच्या अंगाचे ओब्रेनोवात्स गाव बुडाले, आणि बेलग्रेडवर पाणी येणार म्हणून सरकारने स्वयंसेवकांना हाक दिली. रात्रभर माणसे बांधावर वाळूची पोती रचत होती. १९४८च्या श्रमपथकात आलेला एक म्हातारा घडीची खुर्ची घेऊन येऊन बसला होता आणि पोती कशी आडवी-उभी लावायची हे ओरडून सांगत होता. कुणी ऐकत नव्हते, पण त्याला हाकललेही नाही. तेता पोत्यांची तोंडे बांधत होत्या. पाणी बांधापर्यंत आले आणि थांबले. "इमारतीच्या सभेला पाच माणसे येत नाहीत," त्या म्हणाल्या, "त्या रात्री बसायला जागा नव्हती."

२०२०च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा तेता शहात्तर वर्षांच्या होत्या. १८ मार्चपासून पासष्टीपुढच्यांना घराबाहेर पाऊल टाकायलाच बंदी झाली. पुढे त्यांच्यासाठी रविवारी पहाटे चार ते सात दुकाने उघडू लागली. पहाटे चारला, थंडीत, मुखपट्टी लावलेल्या म्हाताऱ्यांची एकमेकांपासून दूर उभी असलेली रांग मी खिडकीतून पाहिली आहे. तेतांना मी जाऊ दिले नाही. त्यांचे सामान मी आणून दाराशी ठेवत असे. एप्रिलच्या शेवटी सवलत मिळाली: आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी, अर्धा तास, घरापासून ६०० मीटरांच्या आत. नदी ६०० मीटरांच्या आत होती. पहिल्या संध्याकाळी मी त्यांना घेऊन गेले. पाच आठवडे चार भिंतींत राहून त्यांची चाल हळू झाली होती. बांधावर पोचल्यावर त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि उघड्या पायऱ्या मोजल्या, वरून खाली, बोटाने. अकरा. "पाणी कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि नेहमीच्या बाकावर बसल्या. पलीकडच्या बाकावर आणखी एक म्हातारा होता. दोघांनी एकमेकांना हात केला आणि मध्ये दोन मीटर ठेवून अर्धा तास मोठमोठ्याने गप्पा मारल्या.

परत आलो तेव्हा अंधार झाला होता आणि जिन्यातला पहिल्या वळणावरचा दिवा पुन्हा गेलेला होता. माझा दिवा. मी भ्रमणध्वनी काढू लागले तेवढ्यात तेतांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला नवा दिवा काढून माझ्या हातात दिला.

"चढ," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही. आणि कुणी विचारले तर मी दिलेला नाही."